शूबर्टचा शेवटचा पियानो सोनाटा पहिल्यांदा ऐकायचा तर कुणाचा ऐकावा?

सोव्हिएत पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्तर (१९१५–१९९७) यांचा, बेलाशक. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टनं हा बी फ्लॅट मेजर सोनाटा, म्हणजे चार भागांची पियानोरचना, सप्टेंबर १८२८ मध्ये पुरा केला आणि नोव्हेंबरात तो गेला, अवघ्या ३१व्या वर्षी. रिख्तर १९७२च्या ध्वनिमुद्रणात नुसत्या पहिल्या भागाला चोवीस मिनिटांच्या वर घेतात. तरी कुठं रेंगाळल्यासारखं वाटत नाही. विलंबित ख्यालासारखी लय आतून घट्ट धरलेली असते. सुरुवातीच्या शांत सुरावटीखाली खर्जात एक ट्रिल (दोन लगतच्या सुरांची झपाट्यानं होणारी आलटापालट) येतो, दूरवर ढग गुरगुरावेत तसा. त्यानंतरची शांतता ते ज्या धीरानं सांभाळतात, तिथं माझा श्वास दरवेळी अडकतो. पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल पहिल्या भागातल्या सुरुवातीच्या विभागाची पुनरावृत्ती गाळत. रिख्तर ती घेतात, आणि मला ती हवीच असते. रात्री, हेडफोन लावून ऐका.