परसबागेतील चिकण माती आणि गादीवाफे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अलिबाग तालुक्यात आमच्या घरामागे सुमारे एक गुंठा जागा आहे. पूर्वी ते भाताचे खाचर होते. माती काळसर आणि चिकण आहे. पावसाळ्यात पाणी साचून राहते आणि मार्च महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वांगी, मिरची, मुळा, काहीच धड येत नाही. शेजारी रेती मिसळण्याचा सल्ला देतात. रेती घालावी का? गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच केलेले वाफे) करायचे असल्यास ते केव्हा आणि कसे करावेत?

उत्तर : रेती घालू नये. चिकण मातीचा कण ०.००२ मिलीमीटरपेक्षाही बारीक असतो आणि रेतीचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. थोडी रेती मिसळली, तर हे बारीक कण रेतीच्या कणांभोवती घट्ट बसतात आणि उन्हात ती माती विटेसारखी कडक होते. रेतीमुळे खरा फरक पडायचा, तर तिचे प्रमाण वरच्या थराच्या निम्म्याहून अधिक असावे लागते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट; त्यातील वरचा ९ इंचांचा थर सुमारे ८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरतो. म्हणजे आपल्याला चार ब्रासहून अधिक रेती आणून ती एकसारखी कालवावी लागेल. एवढा खर्च करूनही मातीत पोषण तसूभर वाढणार नाही. ती रेती समुद्राची किंवा खाडीची असेल, तर तिच्याबरोबर मीठही येईल.

आपली जमीन वाईट आहे, असा समज मात्र आधी मनातून काढून टाकावा. चिकण माती पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवते, हा तिचा मोठा गुण आहे. भात कापल्यावर केवळ मुरलेल्या ओलीवर रायगडात वाल पिकतो, तो याच गुणामुळे. आणि आपल्याच तालुक्यातील भौगोलिक मानांकन मिळालेला पांढरा कांदाही भात निघाल्यावर त्याच खाचरांत घेतला जातो. या मातीत उणीव आहे ती हवेची. मुळांना प्राणवायू लागतो, आणि पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतील वेगाच्या सुमारे दहा हजारांश असतो. मातीतील सगळी छिद्रे पाण्याने भरली की मुळे गुदमरतात, पाने पिवळी पडतात, आणि खत कमी पडले असे समजून आपण आणखी खत घालतो, ज्याचा अशा वेळी काहीही उपयोग होत नाही.

खाचराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भातासाठी वर्षानुवर्षे चिखलणी केल्यामुळे नांगराच्या तळाखाली एक दाबलेला, कठीण थर तयार झालेला असतो. भाताला तो हवाच असतो, कारण त्यामुळे खाचरात पाणी टिकते. भाजीला मात्र तोच घातक ठरतो. हा थर तसाच ठेवून वर कितीही चांगला वाफा केला, तरी पावसाचे पाणी त्या थरावर अडते आणि वाफ्याचा तळ सडत राहतो. माझ्या मते परसबागेतील निम्मे गादीवाफे याच कारणाने निकामी होतात. आपल्याकडे हा थर आहे का, हे पाहण्यासाठी एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळचे पाणी किती वेगाने उतरते ते पाहावे. तासाला एक इंच किंवा अधिक उतरले तर निचरा ठीक आहे. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरले तर खालचा थर फोडणे भाग आहे. ही परीक्षा पावसाळा संपल्यावर घ्यावी, कारण ऐन पावसात भूजलच वर आलेले असते आणि उन्हाळ्यात भेगांतून पाणी भरकन निघून जाते, त्यामुळे दोन्ही वेळा फसगत होते.

खणण्याची वेळ हा सर्वांत नाजूक भाग आहे. चिकण माती ओली असताना खणली तर तिचे गोळे होतात आणि ते वाळल्यावर फुटत नाहीत. पूर्ण वाळल्यावर खणली तर नुसती ढेकळे निघतात. दोहोंच्या मधला वाफसा साधावा. मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळावा आणि अंगठ्याने दाबावा. तो चुरून पडला तर काम सुरू करावे. चिकटून नुसताच चपटा झाला तर आणखी काही दिवस थांबावे. आपल्याकडे ही वेळ बहुधा नोव्हेंबरमध्ये सापडते. ती चुकली, तर उन्हाळ्यात जागा एकदा भरपूर भिजवून पुन्हा वाफसा येण्याची वाट पाहता येते, पण ते काम अधिक कष्टाचे आहे.

वाफ्याची रुंदी ३ ते ४ फूट असावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यावर पाय ठेवावा लागत नाही. लांबी जागेप्रमाणे ठेवावी. प्रथम वाफ्याच्या जागेची वरची माती फावड्याने बाजूला काढावी आणि खालचा कठीण थर पहारीने किंवा टिकावाने फोडावा; तो उलटून वर आणू नये, जागच्या जागी सैल करावा. मग वरची माती परत टाकताना तिच्यात पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. पहिल्या वर्षी हा हात आखडता घेऊ नये : वाफ्यावर ३ इंच जाडीचा थर होईल एवढे खत वरच्या ८ ते ९ इंच मातीत मिसळले पाहिजे. १० फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफ्याला ते १० घनफूट होते, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांनी मोजल्यास साधारण आठ पोती. पुढे दर वर्षी एक इंचाचा थर पुरतो आणि तो खणून मिसळण्याचीही गरज राहत नाही. गांडुळे ते काम करतात, आणि मुळे व बुरशी यांच्या चिकट स्रावांमुळे मातीचे सुटे कण एकत्र येऊन रवाळ होऊ लागतात. ही रवाळ घडणच आपल्याला हवी असते.

दोन वाफ्यांमध्ये एक ते दीड फूट रुंदीचे चर काढावेत आणि त्यांतून निघालेली माती वाफ्यांवर चढवावी. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, हे ध्यानात ठेवून वाफा एक फूट उंच करावा. पहिल्या पावसात तो तीन-चार इंच खाली बसतो. चरांना दर २० फुटांमागे सुमारे एक इंच उतार द्यावा आणि सर्व चर एका मुख्य चराला जोडून तो वहाळाकडे किंवा गटाराकडे न्यावा. खाचराला बांध असल्यामुळे पाणी बाहेर जायला वाटच नसते. म्हणून सर्वांत सखल कोपऱ्यात बांध फोडून वाट काढल्याखेरीज वाफे करू नयेत. ही वाट आधी करावी, वाफे नंतर.

सेंद्रिय पदार्थांपैकी आपल्या भागात भाताचा पेंढा, तूस, नारळाच्या सोडणांचा भुसा, सुपारीच्या झावळ्या आणि गिरीपुष्पाचा पाला सहज मिळतो. यांतील पेंढा, तूस आणि भुसा कच्चे असताना मातीत मिसळू नयेत. ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि भाजी पिवळी पडते. हे पदार्थ शेण आणि गिरीपुष्पाच्या हिरव्या पाल्याबरोबर थर देऊन आधी कुजवावेत किंवा वाफ्यावर नुसते आच्छादन म्हणून पसरावेत. मुसळधार सरींनी उघड्या चिकण मातीचे रवे फुटतात आणि वर पापुद्रा धरतो, त्यामुळे पावसाळ्यात दोन-तीन इंचांचे आच्छादन फार मोलाचे आहे. मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये, कारण तेथे गोगलगायी दडून बसतात. ज्या वाफ्यात पावसाळी भाजी घ्यायची नसेल, तेथे जूनमध्ये ताग किंवा धैंचा पेरावा आणि फुलोरा येण्याच्या सुमारास कापून तेथेच गाडावा.

येथे थोडे विषयाच्या कडेने, पण कळकळीने सांगावेसे वाटते. भाताच्या रोपवाटिकेसाठी कवळ (झाडांच्या डहाळ्या) तोडून ती जागेवर जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यामागे तण व किडींचा बंदोबस्त हे कारण आहे. परंतु परसातला पालापाचोळाही त्याच सवयीने दर उन्हाळ्यात जाळला जातो. ज्या मातीला सेंद्रिय द्रव्याची सर्वाधिक भूक आहे, तिच्या कडेलाच ते जळून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. जो पाला गोळा करता, तो वाफ्यावर टाका.

चुन्याचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो निघणारच. अतिपावसाने चुनखडीचा अंश वाहून गेल्यामुळे कोकणातील बहुतेक जमिनी आम्लधर्मी आहेत. चुना घातल्याने आम्लता कमी होते आणि चिकण मातीचे कण एकत्र यायलाही मदत होते, परंतु किती घालावा हे माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवावे. शेणखत किंवा युरियाबरोबर चुना एकाच वेळी कधीही मिसळू नये, कारण त्यामुळे नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

पहिल्या वर्षी मुळा आणि गाजर यांचा आग्रह धरू नये. मुळे अडून फाटे फुटतात. पावसाळ्यात मांडवावर कारली, पडवळ, दोडका आणि दुधी घ्यावेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तारा’ ही कारल्याची आणि ‘कोकण सदाबहार’ ही चवळीची जात आपल्या हवेत चांगली येते. हिवाळ्यात लाल माठ, वांगी, मिरची आणि नवलकोल यांनी सुरुवात करावी.

प्रश्न : गुहागरजवळ आमच्या चिकण जमिनीवर जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन फूट उंच कप्पे बांधून त्यांत विकतची लाल माती भरली, तर खालची जमीन सुधारण्याचे श्रम वाचतील का?

उत्तर : पूर्णपणे वाचणार नाहीत. कप्प्याच्या तळाची चिकण जमीन न फोडता वर माती भरली, तर पाणी दोन्ही मातींच्या सांध्यावर थांबते. तळ फोडून मग एक फूट उंचीचा कप्पा केला तरी बहुतेक भाज्यांना तो पुरतो. चिरे सिमेंटने सांधू नयेत, कोरडेच रचावेत, म्हणजे फटींतून पाणी झिरपते. विकतची लाल माती निचऱ्याला चांगली असली, तरी सहसा आम्लधर्मी आणि सेंद्रिय द्रव्याने गरीब असते; तिच्यात एक तृतीयांश खत आणि थोडी आपलीच चिकण माती मिसळावी. कप्पा जितका उंच, तितका तो मार्चनंतर लवकर सुकतो, हेही पाण्याचा हिशेब करताना विसरू नये.

प्रश्न : पेण तालुक्यात खाडीलगत आमची जमीन आहे. फेब्रुवारीपासून मातीवर पांढरा थर येतो. गादीवाफ्यावर लावलेली रोपे मधोमधच अधिक मरतात. असे का होते?

उत्तर : आपली जमीन खार जमीन आहे आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो. कोरड्या दिवसांत जमिनीतील खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. चरांतून पाणी दिल्यावर ओल दोन्ही बाजूंनी वाफ्याच्या माथ्याकडे सरकते, त्यामुळे सर्वाधिक मीठ माथ्यावर मधोमध साठते. म्हणून खार जमिनीत रोपे माथ्यावर न लावता वाफ्याच्या उतरत्या कडेला, चराच्या बाजूला लावावीत आणि माथ्यावर पेंढ्याचे जाड आच्छादन घालावे. बाष्पीभवन कमी झाले की मीठ वर येणेही कमी होते. झारीने वरून गोडे पाणी देता आले तर ते अधिक चांगले, कारण त्याने मीठ खाली ढकलले जाते. मात्र विहीर खाडीजवळ असल्यास उन्हाळ्यात तिचे पाणीही मचूळ होते, तेव्हा पाण्याचीही तपासणी करून घ्यावी.

माती परीक्षणासाठी नमुना पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत घ्यावा, कारण तेव्हा क्षारता कमाल असते. विद्युतवाहकता (मातीतील क्षारांचे माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर जमीन क्षारयुक्त समजतात. अहवालात विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक निघाले, तरच जिप्सम घालावे, आणि तेही पावसाच्या तोंडावर, म्हणजे जिप्सममधील कॅल्शियमने मोकळे केलेले सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर चरांतून बाहेर जाईल. पहिल्या प्रश्नातील आम्लधर्मी गोड्या जमिनीत जिप्सम घालण्यात अर्थ नाही, तसेच येथे चुना किंवा चुलीतील राख घालण्यात नाही. भरतीचे पाणी बाहेरच्या बांधातून आत येत असेल, तर तो बांध दुरुस्त होईपर्यंत वाफ्यांवर खर्च करू नये. पनवेल येथे कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे; तेथे अहवाल दाखवून सल्ला घेता येईल. भाज्यांपैकी बीट आणि पालक काही प्रमाणात खारेपणा सोसतात; कांदा, गाजर आणि घेवडा मुळीच सोसत नाहीत.

प्रश्न : कुडाळ येथे आम्ही गादीवाफे केले, निचराही चांगला आहे, तरी वांग्याची आणि टोमॅटोची हिरवीगार झाडे दोन-तीन दिवसांत माना टाकतात. काय करावे?

उत्तर : हा बहुधा जिवाणूंमुळे होणारा मर रोग आहे. झाडाचे खोड जमिनीलगत कापून त्याचा तुकडा काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात उभा टांगावा. काही मिनिटांत त्यातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरताना दिसले, तर रोगाची खात्री झाली असे समजावे. उष्ण, ओलसर आणि आम्लधर्मी जमिनीत हा जिवाणू दीर्घकाळ टिकतो आणि फवारणीने तो जात नाही. रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करावे. ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. त्या वाफ्यात निदान तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा यांपैकी काहीही न लावता मका, पालेभाज्या आणि काकडीवर्गीय वेल आलटून पालटून घ्यावेत. चरातील पाण्याबरोबर रोग पुढच्या वाफ्यांत पसरतो, म्हणून रोगट वाफ्याचे पाणी इतर वाफ्यांजवळून न नेता थेट बाहेर सोडावे आणि तेथे वापरलेली कुदळ धुऊन, उन्हात वाळवून मगच दुसरीकडे वापरावी. वांगी हवीच असतील, तर रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे रोपवाटिकेत मिळतात. ती नव्या वाफ्यात, कलमाचा जोड मातीच्या वर राहील अशा रीतीने लावावीत.