शुल्क देशावर की मालावर? : टॅरिफ, जकात, आयातशुल्क आणि ‘रीशोअरिंग’

प्रश्न असा आला आहे : “परदेशी व्यापाराच्या बातम्यांत टॅरिफ, आयातशुल्क, आयातकर आणि जकात हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. त्यांतला नेमका कोणता? ‘अमेरिकेने भारतावर ५० टक्के शुल्क लादले’ ही रचना बरोबर आहे का? आणि कारखाने मायदेशी आणण्याला, म्हणजे ‘रीशोअरिंग’ला, मराठीत काय म्हणावे?”

उत्तराची सुरुवात मधल्या प्रश्नापासून करतो, कारण शब्दांची निवड बरीचशी त्यावरच अवलंबून आहे. शुल्क देशावर बसत नाही, मालावर बसते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बऱ्याच मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के जादा शुल्क लावले, तेव्हा ती रक्कम भारत सरकारने भरायची नव्हती आणि सर्वसाधारणपणे भारतीय निर्यातदारानेही भरायची नव्हती. या दराखाली येणारा शंभर डॉलर किमतीचा माल अमेरिकी बंदरात उतरला, की तो सोडवून घेणारा तिथला आयातदार आधीच्या शुल्काखेरीज पन्नास डॉलर तिथल्या कस्टम खात्यात भरत असे. पुढे असा आयातदार हे पैसे गिऱ्हाइकाकडून वसूल करील, निर्यातदाराला भाव कमी करायला लावील किंवा स्वतःच्या नफ्यातून सोसेल; बहुधा या तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या होतात. निर्यातदाराचे नुकसान खरेच होते, ऑर्डरी जातात, भाव पडतात, पण ते शुल्काच्या परिणामामुळे होते, भरण्यामुळे नव्हे.

‘भारतावर शुल्क’ या रचनेत नेमका हाच फरक पुसला जातो. मुलखावर बसे ती खंडणी किंवा चौथाई. ती त्या मुलखाने भरायची असे. मराठी वाचकाच्या कानात हा इतिहास मुरलेला असल्यामुळे ‘भारतावर ५० टक्के’ हे शब्द वाचताच भारताने काहीतरी द्यायचे आहे असे चित्र उभे राहते. त्यात ‘लादणे’ हे क्रियापद मूळचे ओझ्याचे आहे आणि ज्याच्यावर लादले त्याच्या पाठीवर वजन आले असे ते सांगते. म्हणून मी ‘भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले’ किंवा ‘आकारले’ असे लिहितो आणि इतरांनीही तसे लिहावे असा माझा आग्रह आहे. एका विभक्तिप्रत्ययाचा हा प्रश्न नाही. पैसे कोणाच्या खिशातून जातात हे वाचकाला चुकीचे कळणे ही बातमीतली चूक आहे.

आता शब्दांकडे वळू. ‘टॅरिफ’ मूळचा अरबी आहे. ‘तअरीफ’ म्हणजे ओळख करून देणे, जाहीर करणे. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांमार्फत तो इटालियनमध्ये गेला, तिथे त्याला दरांची यादी हा अर्थ आला आणि पुढे तो इंग्रजीत स्थिरावला. आपल्याकडचा ‘तारीफ’ त्याच अरबी शब्दाचा दुसरा अवतार आहे. ओळख करून देताना गुण सांगितले जातात, म्हणून त्याचा अर्थ स्तुती झाला. दरांच्या यादीचा अर्थ अजून जिवंत आहे, आणि विजेच्या दरपत्रकालाही टॅरिफ म्हणतात ते त्यामुळेच. भारतात सीमाशुल्काचे दोन कायदे आहेत : १९६२ चा कस्टम्स ॲक्ट आणि १९७५ चा कस्टम्स टॅरिफ ॲक्ट. पहिला शुल्क घेण्याचा अधिकार आणि रीत सांगतो, तर दुसऱ्याच्या अनुसूचींत कोणत्या मालाला किती दर हे ओळीओळीने दिलेले आहे. म्हणजे काटेकोर बोलायचे तर टॅरिफ म्हणजे शुल्काची दरसूची, आणि त्या सूचीप्रमाणे जे भरायचे ते शुल्क. बातमीत टॅरिफ हा शब्द शुल्काच्याच अर्थाने येतो आणि तो आता रुळला आहे, पण जिथे मराठी शब्द तितकाच सोपा आहे तिथे तोच वापरावा.

‘जकात’ हाही अरबीच. मूळ अर्थ धर्माने सांगितलेले दान. मराठीत मात्र तो शब्द मालाच्या ये-जा करण्यावरचा कर या अर्थाने रुजला. जकातदार, जकातनाका हे शब्द त्यातूनच आले. जुन्या मराठी अर्थविषयक लेखनात ‘संरक्षक जकात’, म्हणजे देशी उद्योगाला परदेशी मालापासून आडोसा देणारी जकात, ही संज्ञा मोकळेपणी येते आणि ती मला फार नेटकी वाटते. अडचण अशी की पुढे जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा कर हाच अर्थ मनात येऊ लागला. तो कर गेला, तरी शब्दाला ती वेस चिकटून राहिली. संदर्भ ऐतिहासिक असेल तर जकात जरूर लिहावे. आजच्या परराष्ट्र व्यापारासाठी तो शब्द वाचकाला क्षणभर चुकीच्या नाक्यावर उभा करतो.

उरला ‘शुल्क’, आणि तो या जागेचा जुना हक्कदार आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. बाहेर जाणाऱ्या मालावरचे ‘निष्क्राम्य’ आणि आत येणाऱ्या मालावरचे ‘प्रवेश्य’ असे शुल्काचे भेद तिथे सांगितले आहेत, आणि प्रवेश्य मालावर सामान्यतः किमतीचा पाचवा भाग शुल्क घ्यावे असे म्हटले आहे. आजच्या भाषेत तो वीस टक्के मूल्याधारित आयातशुल्काचा दर झाला. तरीही आज नुसते ‘शुल्क’ लिहिणे पुरत नाही, कारण मराठीत परीक्षाशुल्क आणि प्रवेशशुल्क या वापरामुळे त्याला ‘फी’चा अर्थ आला आहे, म्हणजे सेवेच्या बदल्यात दिलेले पैसे. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘आयातशुल्क’ असे पूर्ण लिहावे; पुढे नुसते ‘शुल्क’ चालेल. आयात आणि निर्यात दोन्ही अभिप्रेत असतील तिथे ‘सीमाशुल्क’. ‘आयातकर’ चुकीचा नाही, कारण शुल्क हा कराचाच प्रकार आहे. पण तयार संज्ञा हाताशी असताना दुसरी कशाला?

संज्ञा नीट ठेवल्या की इतिहासही नीट वाचता येतो. १८९६ मध्ये हिंदुस्थानच्या ब्रिटिश सरकारने बाहेरून येणाऱ्या सुती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. पहिल्या आकड्याने दिलेले संरक्षण दुसऱ्याने काढून घेतले. जकात होती, पण ती महसुली, म्हणजे केवळ तिजोरीसाठी होती, संरक्षक नव्हती. ‘टॅरिफ होते’ एवढेच लिहिले तर या घटनेचे मर्म हरवते, आणि देशी गिरण्यांना तो कर इतकी वर्षे का बोचत राहिला हे कळत नाही. तो जायला १९२६ साल उजाडले.

प्रश्नात नव्हता, पण याच बातम्यांतला आणखी एक शब्द मला खटकतो : ‘जशास तसे शुल्क’. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने जाहीर केलेल्या दरांसाठी तो सर्रास वापरला गेला. जशास तसे म्हणजे तुम्ही आमच्या मालावर जितके लावता तितकेच आम्ही तुमच्या मालावर लावू. ते दर तसे काढलेलेच नव्हते. एखाद्या देशाशी असलेली अमेरिकेची व्यापारतूट त्या देशातून होणाऱ्या आयातीने भागली आणि येणारे प्रमाण निम्मे केले. किमान दर दहा टक्के ठेवला. व्हिएतनामच्या बाबतीत तूट आयातीच्या ९० टक्क्यांहून किंचित जास्त होती, म्हणून तिचे निम्मे वरच्या पूर्णांकात नेऊन दर ४६ टक्के आला. व्हिएतनाम अमेरिकी मालावर किती शुल्क घेतो, हा आकडा या हिशेबात कुठेच नाही. तेव्हा मराठीत ‘अमेरिकेने जशास तसे म्हणून जाहीर केलेले शुल्क’ असे लिहावे. शब्द लांबतात, पण दुसऱ्याचा दावा आपल्या तोंडून खरा म्हणून जात नाही.

शेवटचा प्रश्न ‘रीशोअरिंग’चा. ‘देशांतर्गत उत्पादनाचे पुनरागमन’ हा प्रतिशब्द मला पटत नाही. ‘देशांतर्गत उत्पादन’ म्हटले की ‘सकल’ हे विशेषण आपोआप आठवते, आणि ‘सकल देशांतर्गत उत्पादन’ (जीडीपी) या संज्ञेत शेती आणि सेवाही येतात. इथे विषय कारखान्यांचा आहे, आणि त्यासाठी मराठीत ‘कारखानदारी’ हा भरदार शब्द आहे. ‘स्वदेशी कारखानदारी’ म्हणावे का? जपून. स्वदेशी या शब्दात मालकी आणि व्रत दोन्ही आहेत, तर शुल्काला फक्त जागा कळते. परदेशी कंपनीने देशात उभारलेला कारखाना देशातला असतो, स्वदेशी नसतो.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या कपडे धुण्याच्या यंत्रांचे आहे. २०१३ मध्ये दक्षिण कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या यंत्रांवर तिथे डम्पिंगविरोधी शुल्क, म्हणजे अवाजवी स्वस्तात पाठवलेल्या मालावरचे जादा शुल्क, बसले, तेव्हा उत्पादन चीनमध्ये गेले. २०१७ मध्ये चीनच्या यंत्रांवर बसले, तेव्हा ते व्हिएतनाम आणि थायलंडला गेले. जानेवारी २०१८ मध्ये मात्र बहुतेक सर्व देशांच्या यंत्रांवर शुल्क जाहीर झाले : पहिल्या १२ लाख नगांवर २० टक्के, त्यापुढे ५० टक्के. जकात चुकवायला रात्रभर आडवाटेने चालून पहाटे जकातनाक्यावरच पोहोचणाऱ्या माणसाचा ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ आपल्याकडे प्रसिद्ध आहे. त्याला याहून चपखल उदाहरण मला आढळलेले नाही. सॅमसंगने साउथ कॅरोलिनात न्यूबेरी येथे आणि एलजीने टेनेसीत क्लार्क्सव्हिल येथे कारखाने उभारले. अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात यंत्रांच्या किमती सुमारे १२ टक्के वाढल्याचे आढळले. कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर शुल्क नव्हते, तरी जोडीने विकली जात असल्यामुळे तीही तितकीच महागली. सुमारे १,८०० नोकऱ्या निर्माण झाल्या आणि ग्राहकांवर दर नोकरीमागे वर्षाला सुमारे ८ लाख १५ हजार डॉलरचा भार पडला.

यात ‘परत’ काय आले? दोन्ही कंपन्या कोरियन. न्यूबेरी आणि क्लार्क्सव्हिलचे कारखाने तिथून कधी बाहेर गेले नव्हते, ते तिथे पहिल्यांदाच आले. म्हणून एखाद्या कंपनीने बाहेर नेलेले उत्पादन पुन्हा आपल्या देशात आणले, तर ‘कारखाना मायदेशी परतला’ किंवा संज्ञाच हवी असेल तर ‘कारखानदारीची मायदेशवापसी’ असे लिहावे. परदेशी कंपनीने शुल्काच्या भिंतीआड नवा कारखाना घातला, तर ‘आयातीच्या जागी देशातले उत्पादन’ असे लिहावे. आणि नुसती घोषणा झाली असेल, तर क्रियापद भविष्यकाळी ठेवावे.