रुईला 'अ‍ॅस्क्लेपिअड' का म्हणतात?

रुईच्या वर्णनात 'अ‍ॅस्क्लेपिअड' ही संज्ञा येते, तिचा अर्थ काय व ती कोठून आली, असा आपला प्रश्न आहे.

ग्रीक पुराणकथांत अ‍ॅस्क्लेपिअस हा वैद्यकाचा देव मानला जातो. त्याच्या नावावरून एका औषधी झाडाला प्राचीन ग्रीक भाषेत 'अ‍ॅस्क्लेपिआस' म्हणत, आणि तेच नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 साली एका प्रजातीला (जवळच्या जातींच्या गटाला, genus) दिले. हळदीकुंकू हे लाल-पिवळ्या फुलांचे झाड त्याच प्रजातीतले. ग्रीक व्याकरणात या नावाचे मूळ रूप 'अ‍ॅस्क्लेपिआद-' असे होते, त्यावरून अ‍ॅस्क्लेपिअडेसी हे रुईच्या कुळाचे नाव आणि 'अ‍ॅस्क्लेपिअड', म्हणजे त्या कुळातील वनस्पती, ही संज्ञा तयार झाली. अ‍ॅस्क्लेपिआडीस नावाच्या ग्रीक कवीवरून ओळखला जाणारा कवितेचा एक छंदही याच नावाचा आहे. त्याचा झाडांशी संबंध नाही.

पांढरा चीक दिसला की झाड अ‍ॅस्क्लेपिअड, असे अनेक जण धरून चालतात, पण चीक कण्हेरीलाही असतो आणि वडालाही. खरी खूण फुलात आहे. रुईच्या फुलात मधोमध पुंकेसर आणि कुक्षी एकजीव होऊन पाच कोनांचा स्तंभ झालेला असतो, आणि प्रत्येक कोनावर एक बारीक काळा ठिपका दिसतो. सुईच्या टोकाने तो ठिपका अलगद उचलला, तर त्याला लोंबणारे दोन पिवळे, मेणचट परागपुंज बाहेर येतात. यांचे पराग सुटे उडत नाहीत. कीटकाचा पाय किंवा सोंड स्तंभावरील फटीत अडकली की हा जोड अख्खाच्या अख्खा ओढला जातो आणि दुसऱ्या फुलात पोचतो. इतकी नेमकी रचना ऑर्किडखेरीज फुलझाडांत क्वचितच आढळते, म्हणून मला ही संज्ञा नुसत्या नावापेक्षा फार मोलाची वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी 1810 साली या वनस्पती कण्हेरीच्या कुळातून वेगळ्या काढल्या, त्याही परागांच्या याच वैशिष्ट्यावरून.

पुढे 1998 च्या एपीजी (Angiosperm Phylogeny Group) या फुलझाडांच्या वंशसंबंधांवर आधारलेल्या वर्गीकरणात त्या पुन्हा कण्हेरीच्याच कुळात घेण्यात आल्या, त्यामुळे 'अ‍ॅस्क्लेपिअड' आज स्वतंत्र कुळाचे नाव न राहता त्यातील एका उपकुळासाठी वापरले जाते. रुई, खर्चुडी, गुडमार आणि होया ही सारी त्यात बसतात. अनंतमूळ मात्र जुन्या ग्रंथांत रुईच्या कुळात असले, तरी त्याचे पराग असे मेणचट पुंजात नसतात आणि त्याचे उपकुळही आता वेगळे आहे, म्हणून काटेकोर लेखनात त्याला अ‍ॅस्क्लेपिअड म्हणू नये.