विमानप्रवासात कॅमेऱ्याच्या फिल्मचे रोल कसे न्यायचे

घाबरू नकोस, एवढंच पाळ: न धुतलेला (म्हणजे अजून डेव्हलप न केलेला) रोल चेक-इन बॅगेत कधीच टाकायचा नाही. तिथला एक्स-रे जोरदार असतो, एका फेरीतच फिल्मवर धुरकट पट्टे उमटतात.

हातातल्या बॅगेच्या जुन्या एक्स-रे मशीनमधून ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता) रोल एकदोनदा गेला तर सहसा निभावतं. नवं सीटी मशीन (बॅगेचं सगळ्या बाजूंनी स्कॅन करणारं) असेल तर मात्र एक फेरीही नको.

- रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेव, ‘हाताने तपासा’ म्हणून नम्रपणे सांग. वेळ हाताशी ठेव.
- शिशाच्या पिशवीवर विसंबू नकोस. आतलं दिसलं नाही की बॅग पुन्हा मशीनमध्ये जाते.
- कॅमेऱ्यातला रोल! मी पिशवीभर रोल वाचवले आणि नेमका तोच विसरलो.

धुतलेल्या निगेटिव्ह खुशाल जाऊ देत.