बेळगाव जिल्ह्यात सदलग्याकडं दूधगंगेला पूर येणार हे आधी कसं कळेल, बेळगावचा पाऊस बघून चालतं का?

नाही, नुसता बेळगावचा पाऊस बघून काही कळणार नाही, तुमचं पाणी वरनं महाराष्ट्रातनं येतं. दूधगंगेसाठी काळम्मावाडी आणि तिला मिळणाऱ्या वेदगंगेसाठी पाटगाव धरणाचा विसर्ग (धरणातनं सोडलेलं पाणी) बघा, आणि कृष्णेसाठी कोयनेचा विसर्ग आणि राजापूर बंधाऱ्यावरनं किती क्युसेक सुटतंय ते, कारण पुढं कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं, म्हणजे तुमच्याकडं ऊन पडलेलं असतं आणि पाणी उसात शिरतं. २०१९ च्या पुरात ज्यांनी काठावरच्या पाण्याच्या मोटारी वेळेत वर काढल्या नाहीत त्यांना हे सांगायची गरज नाही. मोबाईलवर एनडीएमएचं (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं) 'सचेत' ॲप टाका, लोकेशन चालू ठेवा, ते सरकारी इशारे देतं. केंद्रीय जल आयोग पण पुराचा अंदाज देतो, त्यात कुरुंदवाडची कृष्णेची पातळी बघत जा, ते कृष्णेवर कल्लोळच्या वरच्या अंगाला आहे. चोवीस तास आधी खबर मिळाली तरी नुकसान ३० टक्क्यांनी कमी होतं असा २०१९ चा जागतिक अहवाल आहे, आणि २०२७ पर्यंत जगात सगळ्यांना असा इशारा मिळावा हे युनोचं टार्गेट आहे.

फक्त एक, ॲपचा इशारा बहुतेक वेळा अख्ख्या जिल्ह्याला असतो, तुमच्या गल्लीत पाणी कधी येणार ते त्यात नसतं. त्यासाठी गावच्या पुलाच्या खांबावर मागच्या पुराची खूण रंगवून ठेवा आणि ग्रुपवर रोज फोटो टाकायला सांगा.