परदेशी भागीदारीआधी एक वर्ग सांभाळून बघ

प्रश्न: मी पर्यावरणशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला पर्यावरण शिक्षणात काम करायचंय, तेही आंतरराष्ट्रीय पातळीवर, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या शाळा आणि संस्थांना जोडण्याचं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एमए करू, पर्यावरणात एमएस्सी करू, की बीएड? परदेशातल्या एका युवा परिषदेसाठी 'निवड' झाल्याची मेलही आली आहे, पण फी बरीच मोठी आहे. बाबा म्हणतात, ही हौस आहे, करिअर नाही.

उत्तर: पदवीचं आधी सांगून टाकते. माझ्या मते शिक्षणशास्त्र, म्हणजे बीएड, पहिलं, पर्यावरणातली एमएस्सी दुसरी आणि आंतरराष्ट्रीय संबंध सगळ्यात शेवटी. विज्ञानाचा पाया तुझा झालाच आहे. उणीव आहे ती मुलांसमोर उभं राहून शिकवण्याची, आणि शिकवलेलं पोचलं का हे तपासण्याची. ही दोन कामं येत नसलेल्या माणसाने देशोदेशींच्या शिक्षकांना जोडायला निघणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

आंतरराष्ट्रीय संबंधांना शेवटचा नंबर दिला याचं तुला कदाचित वाईट वाटेल. पण या क्षेत्रात करार-ठरावांची टंचाई कधीच नव्हती. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेने आंतरराष्ट्रीय पर्यावरण शिक्षण कार्यक्रमाची शिफारस केली. १९७५ मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तो सुरू केला आणि त्याच वर्षी बेलग्रेडची सनद आली. १९७७ मध्ये तिबिलिसीला या विषयावरची पहिली आंतरसरकारी परिषद झाली. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्यं आणि सहभाग ही पाच उद्दिष्टं तिथे ठरली, आणि आजही निम्मे अभ्यासक्रम त्यांच्यावरच उभे असतात. पुढे २००७ मध्ये अहमदाबादची परिषद, २०२१ मध्ये बर्लिनचा जाहीरनामा. हवामान बदलावरच्या १९९२ च्या करारातलं सहावं कलम तर तू मुळातून वाचच. शिक्षण, प्रशिक्षण, जनजागृती, माहितीची उपलब्धता, लोकसहभाग आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य अशा सहा गोष्टी त्यावर आधारलेल्या कामात मोडतात. पॅरिस कराराच्या बाराव्या कलमात तीच बांधिलकी पुन्हा येते. म्हणजे तू जे करू म्हणतेस ते देशांनी केव्हाच मान्य केलंय. मान्य झालेलं वर्गापर्यंत उतरवायचं कसं, इथे घोडं पेंड खातं. माणसं हवी आहेत ती या टप्प्यावर.

हे काम प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका उदाहरणाने सांगते. 'ग्लोब' नावाचा कार्यक्रम आहे. १९९४ च्या वसुंधरा दिनी त्याची घोषणा झाली, १९९५ मध्ये तो सुरू झाला आणि आज शंभराहून जास्त देशांतल्या शाळा त्यात आहेत. मुलं हवा, पाणी, माती, झाडं यांची मोजमापं घेतात आणि ती एका सामाईक साठ्यात जातात. त्यातला हवेच्या तापमानाचा एक नियम बघ. रोजची नोंद स्थानिक सौर मध्यान्हाच्या, म्हणजे सूर्य आकाशात सगळ्यात वर असतो त्या वेळेच्या, एक तास आधी ते एक तास नंतर, एवढ्याच वेळात घ्यायची. घड्याळातले बारा इथे चालत नाहीत. सूर्योदय सहा वीसला आणि सूर्यास्त सहा पन्नासला असेल, तर त्या दिवशीचं सौर मध्यान्ह बारा पस्तीसला येतं. शिक्षकाने हे मुलांकडून काढून घ्यायचं, मग ती वेळ शाळेच्या वेळापत्रकात बसवायची. नेमका त्याच वेळी गणिताचा तास असेल तर गणिताच्या शिक्षकांना राजी करायचं. सुट्टीच्या दिवशी नोंद कोण घेणार हेही ठरवायचं. एवढं सगळं जमलं, तरच दोन खंडांतल्या दोन शाळांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ असतो. नाहीतर एका शाळेने सकाळी आठला मोजलं, दुसरीने दुपारी तीनला, आणि दोघींनी मिळून तापमानवाढीवर पोस्टर केलं, असं व्हायचं. अशी पोस्टरं कमी नाहीत.

आता याच्यावर दोन देशांची शैक्षणिक वर्षं चढव. युरोपातल्या बऱ्याच शाळा सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात, जपानमध्ये एप्रिलला, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीला. उत्तर गोलार्धात पालवी फुटते तेव्हा दक्षिणेत पानगळ चालू असते. वर्षभराचा संयुक्त उपक्रम कागदावर छान दिसतो, पण दोन्हीकडच्या परीक्षा आणि सुट्ट्या वजा केल्या की हातात मोजके आठवडे उरतात. ते आधीच हेरून त्यात मावेल एवढाच उपक्रम आखणं हे समन्वयकाचं खरं कौशल्य, आणि ते कुठल्या पदवीत शिकवत असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पुष्कळ भागीदाऱ्यांत एक बाजू प्रश्न ठरवते, साहित्य लिहिते, निधी सांभाळते, आणि दुसरी बाजू आकडे गोळा करते व फोटो पाठवते. याला सहकार्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुठल्याही प्रकल्पात शिरण्याआधी हे विचारायचं: अभ्यासाचा प्रश्न कोणी निवडला? साहित्य स्थानिक भाषेत आहे का, आणि ते तिथल्या शिक्षकांना बदलता येतं का? अहवालावर नावं कोणाची? उत्तरं गुळमुळीत आली तर ओळखून घे.

नोकऱ्या कुठे असतात, हे आता थोडक्यात. 'इको-स्कूल्स' हा शाळांसाठीचा पर्यावरण कार्यक्रम १९९४ मध्ये डेन्मार्क, जर्मनी, ग्रीस आणि ब्रिटन या चार देशांत सुरू झाला. त्याचं मुख्य कार्यालय कोपनहेगनला आहे, पण ते छोटं. शाळांशी बोलणं, सात टप्प्यांचा कार्यक्रम राबवून घेणं, तो पुरा केलेल्या शाळांना मिळणाऱ्या हिरव्या झेंड्यासाठी तपासणी करणं हे सगळं त्या त्या देशातली सदस्य संस्था करते. ग्लोबमध्येही देशवार समन्वयक असतात. टोकियोच्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने जोडलेली शाश्वत विकास शिक्षणाची प्रादेशिक केंद्रं विद्यापीठं, शाळा आणि स्थानिक संस्था मिळून चालवतात. मतलब काय, तर 'आंतरराष्ट्रीय' म्हणवणाऱ्या बहुतेक जागा कुठल्या तरी एका देशातल्या संस्थेत असतात आणि कामाचा मोठा भाग त्याच देशातल्या शिक्षकांबरोबर चालतो. विमानाची तिकिटं क्वचित. ऑनलाइन बैठका मात्र भरपूर, आणि त्या नेहमी कोणाच्या तरी रात्री. थेट संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नशिप करायचं मनात असेल, तर ती बिनपगारी असते हे आधी घरी सांगून ठेव. इंग्रजीखेरीज फ्रेंच किंवा स्पॅनिश कामापुरती येत असेल तर तिचा उपयोग होतो. पण भाषा शिकायला दोन-तीन वर्षं जातात, म्हणून ते आत्ताच सुरू कर.

पुढच्या शिष्यवृत्त्यांचंही गणित अनुभवाकडेच झुकतं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जर्मनीच्या डीएएडी या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीलाही तेवढाच. युरोपातल्या इरॅस्मस मुंडुस संयुक्त पदव्यांना जगभरातून अर्ज करता येतो, तिथे प्रत्येक अभ्यासक्रमाच्या अटी वेगळ्या. तेव्हा पदवी झाल्या झाल्या परदेशी मास्टर्ससाठी जिवाचा आटापिटा करू नकोस. मधली दोन वर्षं शाळेत, निसर्ग शिक्षण केंद्रात किंवा विज्ञान संग्रहालयात काढलीस, तर तीच पुढे अर्जात बोलतील.

या वर्षी करायचं काम एकच सुचवते, आणि ते लहान आहे. एखाद्या शाळेतला एक वर्ग धर आणि दुसऱ्या देशातला एक शिक्षक शोध. ग्लोबच्या किंवा इको-स्कूल्सच्या तिथल्या समन्वयकाला नम्र मेल लिहिलीस तर कोणीतरी भेटेल. दोन्ही वर्गांनी फक्त ढगांच्या नोंदी घ्यायच्या. त्याला उपकरण लागत नाही, आकाशाचा किती भाग झाकलाय ते ठरलेल्या टक्केवारीच्या गटांत लिहायचं, बस. पहिल्या आठवड्यात मुलं हमखास भांडतात, एक म्हणतो पंचवीस टक्के, दुसरी म्हणते साठ. ते भांडण मिटवू नकोस. दोघांनाही कारण लिहायला सांग आणि तोच कागद पलीकडच्या वर्गाला पाठव. अंदाज आणि मोजमाप यांतला फरक मुलांना तिथे कळतो.

सुरुवातीला आणि शेवटी मुलांना काही प्रश्न विचारून ठेव. 'पर्यावरण वाचवावं का' छापाचे प्रश्न नकोत, त्याला सगळे हो म्हणतात. माहिती वाढली म्हणजे वागणं बदलतंच असं नाही, ही या क्षेत्राची जुनी डोकेदुखी आहे. म्हणून दोन वर्गांचे आकडे वेगळे का आले, पुढच्या खेपेला काय वेगळं मोजशील, असं विचार. मग दोन-तीन पानांचा अहवाल लिही आणि त्यात फसलेलं कायकाय तेही घाल. उमेदवार निवडणाऱ्यांना दहा प्रमाणपत्रांपेक्षा असा एक अहवाल जास्त काही सांगतो. आणखी एक, तुझ्या देशाच्या वतीने त्या सहाव्या कलमाचं काम पाहणारी संपर्क व्यक्ती कोण, हे हवामान कराराच्या संकेतस्थळावर मिळतं. अहवाल तिलाही पाठव. उत्तर येईलच असं नाही.

त्या परिषदेबद्दल. निवड झाली म्हणायचं आणि मोठी फी मागायची, हा धंदा सध्या जोरात आहे. नावात 'जागतिक' आणि 'युवा' असतं, बोधचिन्ह संयुक्त राष्ट्रांसारखं दिसतं, पण आत दोन दिवसांची भाषणं आणि गळ्यात घालायचं ओळखपत्र. निवड कशावरून झाली, गेल्या वर्षीच्या सहभागींनी नंतर मिळून काय केलं, फी माफीची सोय आहे का, एवढं त्यांना लेखी विचार. सरळ उत्तर आलं नाही तर तो विषय सोडून दे. त्या पैशांत भाषेचा एक पूर्ण अभ्यासक्रम होईल.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. या क्षेत्रातल्या पुष्कळ जागा निधीला बांधलेल्या असतात, दोन-तीन वर्षांचा प्रकल्प संपला की जागाही संपते. त्यांना हे लपवू नकोस. पण शिक्षणशास्त्राची पदवी आणि वर्गातली दोन वर्षं गाठीशी असली, तर मधल्या काळात शाळा आहे, पाठ्यसाहित्य लिहिण्याचं काम आहे, शिक्षक प्रशिक्षण आहे. पहिला प्रस्ताव येईल तेव्हा करार किती महिन्यांचा, विमा कोणाचा, आणि निधी थांबला तर किती दिवसांची नोटीस, ही तीन उत्तरं मेलवर मागून घे आणि ती मेल बाबांबरोबर बसून वाच.