लंडनमध्ये कॉन्झर्व्हेशन एरियातलं, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी संरक्षित केलेल्या भागातलं, व्हिक्टोरियन घर घेतलंय. मागे स्वयंपाकघर वाढवून त्याच्या बाजूचा बोळ आत घ्यायचाय, अंगणात एक बर्चचं झाडही आहे. परवानगी लागते का? शेजारी म्हणतात, रस्त्यावरून दिसत नाही, बिनधास्त बांधा.

शेजाऱ्यांचं ऐकू नका. आमचं घरही तुमच्यासारखंच, १८९०च्या दशकातलं, दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत लागलेलं. त्यातून गेलोय म्हणून सांगतो.

सरळ मागे ३ मीटरपर्यंत एकमजली बांधकाम कॉन्झर्व्हेशन एरियातही सहसा अर्ज न करता चालतं. उंचीच्या आणि साहित्याच्या अटी आहेतच. पण तुम्हाला स्वयंपाकघराशेजारचा अरुंद बोळ आत घ्यायचाय, ज्याला इथे साइड रिटर्न म्हणतात. त्या बोळाकडची भिंत मूळ घराची बाजूची भिंत धरली जाते, आणि कॉन्झर्व्हेशन एरियात बाजूला वाढायचं तर प्लॅनिंग परमिशन लागतेच, कुणाला दिसो वा न दिसो. माळ्यावर डॉर्मर, म्हणजे उतरत्या छतातून बाहेर येणारी उभी खिडकी, काढायचा असेल तरी तेच. शिवाय मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ ला होतं तेवढंच. आधीच्या मालकाने नंतर मागे खोली काढली असेल तर ती तुमच्या ३ मीटरांतच मोजतात.

तुमच्या रस्त्याला आर्टिकल ४, म्हणजे एरवी विनाअर्ज चालणाऱ्या कामांनाही अर्ज करायला लावणारा आदेश, लागू आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर आजच बघा. असेल तर पुढच्या खिडक्या-दारं बदलायलाही अर्ज करावा लागू शकतो. आणि घर लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत, असेल तर माझं हे उत्तर सोडून द्या. तिथे आतला जुना जिना हलवायलाही संमती लागते, आणि विनासंमती काम हा फौजदारी गुन्हा आहे.

खरं सांगायचं तर परवानगीने आम्हाला फारसं छळलं नाही. छळलं ओलीने. मागच्या खोलीत गुडघाभर उंचीपर्यंत भिंत ओली. एका ठेकेदाराने भिंतीला भोकं पाडून रसायन भरलं, आतून सिमेंटचा गिलावा केला, भरपूर पैसे घेतले. दुसऱ्या हिवाळ्यात ओल त्या गिलाव्याच्या वरून डोकावली! मग जुन्या घरांची कामं करणारा एक म्हातारा गवंडी आला आणि घरात न शिरता आधी अंगणात गेला. कुणीतरी फरशीवर फरशी चढवून अंगण घरातल्या जमिनीपेक्षा उंच केलं होतं, लाकडी जमिनीखाली वारा खेळवणाऱ्या जाळीच्या विटा त्यात बुजल्या होत्या. शिवाय विटांमधल्या दरजा सिमेंटने भरलेल्या. या भिंती सलग विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. आत गेलेलं पाणी चुन्यातून बाहेर पडतं. सिमेंट लावलं की ते विटेतच अडकतं आणि थंडीत गोठून विटेचे पापुद्रे सुटतात. आमच्या वाईच्या वाड्यात आजोबा सिमेंटला हात लावू देत नसत, ते का, हे मला लंडनमध्ये कळलं. फरशी उतरवली, दरजा खरवडून चुन्याने भरल्या. भिंत वाळायला वर्ष गेलं, पण वाळली.

म्हणून नवं बांधकाम जोडण्याआधी जुनी भिंत कोरडी करून घ्या. नव्या खोलीची जमीन काँक्रीटची करणार असाल तर तिच्या खालून पाइप घालून वाऱ्याची वाट चालू ठेवा, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या सॅश खिडक्या काढून टाकू नका. आमच्या दुरुस्त करून फटी बुजवल्या, आतून दुसरी काच बसवली, पुरतं.

शेजाऱ्यांना पार्टी वॉलची, म्हणजे सामाईक भिंतीजवळच्या कामाची, नोटीस द्यावी लागेल. आणि अंगणातला तो बर्च. जमिनीपासून दीड मीटरवर खोड ७५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर नुसतं छाटायलाही कौन्सिलला ६ आठवडे आधी कळवावं लागतं. आर्किटेक्टला आधी ते झाड दाखवा, मग स्वयंपाकघर.